वेगाची सायकल आणि बेताचा खर्च

सायकल हें एक उघडें यंत्र आहे. घड्याळ बिघडलें म्हणजे तें घड्याळजीच्या हवालीं करावें लागतें; मोटारीचें झाकण उचललें तरी आंतील रचना सामान्य गृहस्थाला उमगत नाहीं. सायकलीचें तसें नाहीं. तिचा प्रत्येक अवयव डोळ्यांसमोर असतो, पान्यानें सुटतो आणि त्याच्या जागीं दुसरा बसवितां येतो. शंभर-सव्वाशें वर्षांत तिच्या रूपांत पुष्कळ फेरफार झाले, पण हा तिचा गुण कायम राहिला. वांकड्या हँडलाची, अरुंद टायरांची, वेगानें जाण्यासाठीं केलेली जी सायकल आज ‘रोड बाइक’ या नांवानें ओळखली जाते, तिलाही तो लागू आहे. जुनी झालेली, किंवा मुळांतच साधी असलेली अशी सायकल सबंध टाकून न देतां, तिचा एकेक भाग बदलून बेताच्या खर्चांत तिला बरीच सुधारतां येते. मात्र कोणता भाग आधीं बदलावा, कोणता मागाहून, कोणता जुन्या बाजारांतून घ्यावा आणि कोणता चुकूनही घेऊं नये, याचा विवेक हवा. तो नसला तर पैसाही जातो आणि प्रसंगीं हाडेंही मोडतात.

उदाहरण घेतलें म्हणजे विषय सोपा होईल. पुण्यांतील एका मध्यमवर्गीय गृहस्थाची कल्पना करावी. त्याची दहा-बारा वर्षांची सायकल ॲल्युमिनियमच्या चौकटीची आहे. मागें सात दांतेरी चक्रांचें फ्रीव्हील आहे, पुढें ५२ आणि ४२ दांत्यांचीं दोन चक्रें आहेत. आठवड्यांतून दोनतीनदां तो खडकवासल्यापर्यंत जाऊन येतो, आणि रविवारीं कॉलेजांत जाणाऱ्या मुलीबरोबर कात्रजचा घाट चढतो. अलीकडे घाटांत तो मागें पडूं लागला आहे, आणि पावसाळ्यांत उतारावर ब्रेक दाबतांना त्याची छाती धडधडते. दुकानांत मनांत भरलेली नवी सायकल लाख रुपयांच्या पुढची आहे. घरखर्चांतून बाजूला पडलेले आहेत पंधरा हजार. एवढ्यांत काय करतां येईल, हा त्याचा प्रश्न आहे, आणि तो त्याच्या एकट्याचा नाहीं.

अशा वेळीं पहिला मोह पडतो तो वजनाचा. सायकल हलकी झाली कीं ती आपोआप पळूं लागेल, असा समज रूढ आहे. सायकल-शर्यतींच्या जागतिक संघटनेनें २००० सालीं ६.८ किलोग्रॅमहून हलक्या सायकलीला शर्यतींत बंदी केली, यावरून हा हव्यास कोठवर गेला होता हें कळून येईल. पण हिशेब करून पाहावा. स्वार, कपडे, पाणी आणि सायकल मिळून ८५ किलो भरतात असें धरलें, आणि महागडे भाग घालून त्यांतील एक किलो कमी केला, तर एकूण भारांत घट होते ती शेंकडा सव्वाहूनही कमी. अर्ध्या तासाच्या चढणीवर तिचा लाभ फार तर वीस-एकवीस सेकंदांचा. सपाट रस्त्यावर तर तो जवळजवळ दिसतच नाहीं, कारण तेथें झगडा वजनाशीं नसून हवेशीं असतो. हवेचा अडथळा तोडण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं २५ किलोमीटरांवरून ३० वर जावयाचें तर या एका कामीं जवळजवळ पावणेदोनपट शक्ति खर्चावी लागते. आणि या अडथळ्याचा मोठा वाटा सायकलीचा नसून तिच्यावर बसलेल्या देहाचा असतो. तेव्हां शेंदोनशें ग्रॅम वांचविणारे चकचकीत भाग आपल्या गृहस्थानें दुकानांतच राहूं द्यावे. वाटेंत पाणी कोठें मिळेल हें पाहून ठेवून दुसरी बाटली रिकामी नेली, तर तेवढें वजन फुकटांत उतरतें.

देहाचा विषय निघाला म्हणून बिनखर्चाची सुधारणा आधीं सांगितली पाहिजे. ती म्हणजे बैठकीची. पुष्कळ स्वारांची बैठक फार खालीं असते. गुडघा पुरता सरळ होत नाहीं, आणि मांड्या लवकर भरून येतात. भिंतीचा आधार घेऊन सायकलीवर बसावें, टांच पायडलावर ठेवावी आणि पायडल सर्वांत खालीं न्यावें. पाय त्या वेळीं अगदीं सरळ व्हावा, पण कंबर एका अंगाला कलूं नये. मग चवड्यानें पायडल मारतांना गुडघ्यांत हवा तेवढा बांक राहतो. मान आणि खांदे अवघडत असतील तर दोष बहुधा हँडलाच्या अंतराचा असतो. हँडल धरणारा जो आखूड दांडा, ज्याला दुकानदार ‘स्टेम’ म्हणतात, तो दोन-तीन सेंटिमीटरांनीं आखूड घातला तरी पुष्कळ फरक पडतो. ज्याला सायकलीवर नीट बसतांच येत नाहीं, त्याला उत्तम भागांचा कांहीं उपयोग नाहीं.

पैसा पहिल्यानें घालावा तो सायकल जेथें जमिनीला टेंकते तेथें, म्हणजे टायरांत. या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्ट येथील पशुवैद्य. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीच्या भरीव चाकांवर त्यानें हवा भरलेल्या रबरी नळ्या चढविल्या, आणि १८८८ सालीं त्यांचें पेटंट घेतलें. पुढच्याच वर्षीं बेलफास्टच्या शर्यतींत विल्यम ह्यूम या स्वारानें हवेच्या टायरांवर बसून भरीव रबरवाल्यांना मागें टाकलें. सायकल तीच, माणसाचे पाय तेच. बदलला होता तो फक्त टायर.

याचें कारण असें कीं, चाक फिरतांना टायर जमिनीशीं दबतो आणि पुन्हां फुगतो. दबण्यांत घातलेली शक्ति सगळी परत मिळत नाहीं. कांहीं उष्णता होऊन जाते. स्वस्त टायराचें कापड जाड आणि रबर राठ असल्यानें ही गळती मोठी असते. चांगल्या टायराचें कापड बारीक सुताचें व लवचिक असल्यानें ती कमी होते. ताशीं ३० किलोमीटरांच्या सुमारास निकृष्ट आणि उत्तम जोडींतील फरक वीस वॅटांच्या घरांत जाऊं शकतो, आणि हौशी स्वाराचें सारें बळ दीडशें वॅटांच्या आसपास असतें. एवढा लाभ इतक्या पैशांत दुसऱ्या कोणत्याही भागानें मिळत नाहीं. टायर जितका अरुंद आणि हवा जितकी कडक तितका वेग अधिक, ही समजूतही आतां मागें पडली आहे. खडबडीत रस्त्यावर कडक टायर चाकासह स्वाराला उधळतो, आणि त्या हिंदकळण्यांतच शक्ति जाते. चौकटींत आणि ब्रेकाखालीं जागा असेल तर २३ मिलिमीटरांऐवजीं २५ किंवा २८ मिलिमीटरांचा टायर घालावा. २८ मिलिमीटरांच्या टायरांत सत्तर किलोच्या स्वाराला चौरस इंचास ७० पौंडांच्या आसपास हवा पुरते.

खरेदींत एक फसगत टाळावी. दूधवाल्याच्या किंवा पोस्टमनच्या परिचयाची जी उभी काळी सायकल, तिचा टायर ‘अठ्ठावीस इंची’ म्हणवितो. वेगाच्या सायकलीचा ‘७००’ या आंकड्याचा टायरही कित्येक दुकानदार अठ्ठावीस इंचीच म्हणून देतात. पहिल्याच्या रिमचा व्यास टायर बसतो तेथें ६३५ मिलिमीटर असतो, दुसऱ्याच्या रिमचा ६२२. एक दुसऱ्यावर बसत नाहीं. म्हणून नांवावर न जातां टायराच्या कडेला उमटविलेला ६२२ हा आंकडा वाचून घ्यावा.

टायरांनंतर ब्रेकांचा क्रम. येथें प्रश्न वेगाचा नसून जिवाचा आहे. दहा वर्षांत ब्रेकांचें रबर लांकडासारखें टणक होतें, त्यांत ॲल्युमिनियमचे कण रुतून बसतात, आणि भिजलेल्या रिमवर तें नुसतें घसरतें. त्यांतच तार गंजलेली असली तर बोटांचें निम्में बळ नळींतच मरतें. अशा वेळीं सबंध ब्रेक बदलण्याचें कारण नसतें. चांगल्या जातीचीं नवीं रबरें, गंज न धरणारी तार आणि नवी नळी एवढें घातलें, रिम पुसून स्वच्छ केली, कीं जुना ब्रेकही नव्यासारखा धरतो. कात्रजच्या उतारावर आपल्या गृहस्थाची जी छाती धडधडते, तिच्यावर हा एका संध्याकाळचा उपाय आहे. खर्चाच्या मानानें याहून मोलाची सुधारणा नाहीं, आणि नेमकी हीच लोक पुढें ढकलतात.

सांखळीची परीक्षा प्रत्येक घरांत असलेल्या पोलादी फुटपट्टीनें होते. सांखळीच्या एका खिळीपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच असतो. म्हणून चोवीस अर्ध्या कड्या मोजल्या तर नव्या सांखळींत बरोबर १२ इंच भरतात. वापरानें खिळ्या झिजतात आणि हें अंतर वाढतें. तें एका इंचाच्या सोळाव्या भागानें वाढलें कीं सांखळी बदलावी. आठव्या भागानें वाढेपर्यंत थांबलें तर दांतेही त्याच मापानें खाल्ले जातात, आणि मग सांखळीबरोबर मागचीं चक्रेंही बदलावीं लागतात. वेळेवर बदललेली सांखळी ही खरोखर खर्च नसून काटकसरच आहे.

आतां घाटाचा विचार. मागें पडणाऱ्या स्वाराला पुष्कळदां दहा-बारा चक्रांची नवी गियरव्यवस्था सुचविली जाते. तिची किंमत त्याच्या सबंध जुन्या सायकलीइतकी असते, कारण तिच्याबरोबर मूठ, सांखळी, चक्रें, कधीं चाकही बदलावें लागतें. पण त्याची अडचण चक्रें कमी असण्याची नाहीं. सर्वांत हलका गियर पुरेसा हलका नसण्याची आहे. पुढें ४२ आणि मागें २८ दांते असतां पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें ३.१५ मीटर जाते. मागें सातच चक्रांचें, पण सर्वांत मोठ्या चक्राला ३४ दांते असलेलें फ्रीव्हील घातलें तर ती २.६ मीटर जाईल. घाट चढण्याचें एकूण काम तेवढेंच राहिलें, तरी तें लहान लहान घांसांनीं करतां येतें, आणि गुडघे टिकतात. एवढ्या मोठ्या चक्राला लांब दांडीचा डिरेलर, म्हणजे सांखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग, आणि थोडी लांब सांखळी लागते.

येथें जुना बाजार उपयोगीं पडतो. शिमानो या जपानी कंपनीचे डोंगरी सायकलींचे सात, आठ आणि नऊ चक्रांचे जुने डिरेलर त्याच कंपनीच्या सात ते नऊ चक्रांच्या रोड बाइकच्या मुठींशीं बहुतेक जुळतात, कारण एका टिचकीला ओढल्या जाणाऱ्या तारेचें आणि डिरेलरच्या सरकण्याचें प्रमाण दोहोंत एकच ठेवलेलें होतें. त्यामुळें डोंगरी सायकलीवरून निघालेला लांब दांडीचा डिरेलर थोडक्या पैशांत घाटाचें काम करतो. निरनिराळ्या कंपन्यांचे भाग मात्र एकमेकांशीं जुळतील असें धरून चालूं नये.

जुन्या बाजारांत सध्यां चांगला माल येण्यास आणखी एक कारण घडलें आहे. २०१८ सालीं जागतिक संघटनेनें रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकांना कायमची मान्यता दिली. त्यानंतर नव्या सायकली त्याच पद्धतीच्या निघूं लागल्या, आणि हौशी लोक रिमवर दाबणाऱ्या ब्रेकांच्या सायकली व त्यांचीं चाकें विकूं लागले. या वस्तु वाईट झाल्या म्हणून विकल्या जात नाहींत. २०१९ सालीं कोलंबियाच्या एगान बर्नालनें टूर द फ्रान्स जिंकली, ती रिम-ब्रेकांच्याच सायकलीवर. फॅशन गेलेली आहे, गुण गेलेला नाहीं. आणि या दोहोंतील अंतर हाच काटकसरी माणसाचा नफा होय.

अशा बाजारांत घेण्यासारखी मोठी वस्तु म्हणजे चाकांची जोडी. फ्रीव्हीलच्या जुन्या चाकांत आंस उजव्या अंगाला छर्ऱ्यांच्या आधारापासून बराच बाहेर राहतो, आणि खड्ड्यांनीं वांकतो. पुढच्या पिढीच्या चाकांत आधार बाहेर सरकलेला असल्यानें हा दोष राहिला नाहीं. घेतांना प्रथम मापें पाहावीं. मागच्या चाकाची दोन नटांमधील रुंदी जुन्या सहा-सात चक्रांच्या सायकलींत पुष्कळदां १२६ मिलिमीटर असते, नंतरच्यांत १३०. पोलादी चौकट कुशल कारागीर थोडी फांकवूं शकतो. ॲल्युमिनियमची चौकट फांकवूं नये, ती तडकते. आठ चक्रांच्या चाकावर सात चक्रांचा संच बसवावयाचा तर मागें साडेचार मिलिमीटरांची चकती घालावी लागते. चाकें बदलण्याचा विचार असेल तर तो फ्रीव्हील घेण्यापूर्वींच करावा, नाहींतर एकाच कामासाठीं दोनदां पैसे पडतात.

मापांनंतर झीज. रिमच्या कडेवर पट्टी उभी धरावी. मध्यें पोकळी दिसली तर ब्रेकांनीं रिम खाल्ली आहे, आणि एके दिवशीं ती हवेच्या दाबानेंच फुटेल. चाक हातांत धरून फिरवावें. घरघर लागली तर छरे किंवा त्यांचे कोन झिजले आहेत. आरे चिमटीनें दाबून पाहावे. एकाच बाजूचे कांहीं फार सैल, कांहीं फार ताठ असतील तर रिम मार खाल्लेली आहे. नुसतें थोडें लहरणारें चाक मात्र नाकारण्याचें कारण नाहीं. त्याची आऊट कोणताही चांगला मिस्त्री काढून देतो.

आतां जे भाग दुसऱ्याच्या वापरांतले कधींच घेऊं नयेत ते. कार्बनचा पुढचा चिमटा, कार्बनचें हँडल, आणि माहितीबाहेरच्या सायकलीवरून निघालेलें हलकें ॲल्युमिनियमचें हँडल किंवा स्टेम. पोलाद बहुधा मोडण्यापूर्वीं वांकतें, सूचना देतें. कार्बन आंतून तडकलेला असला तरी वरचा रंग शाबूत दिसतो, आणि तो मोडतो तेव्हां एकदम मोडतो. ताशीं पन्नास किलोमीटरांच्या उतारावर हँडल हातांत आलें तर वांचविलेल्या हजार रुपयांचा हिशेब करण्यास स्वार शुद्धीवर राहत नाहीं. डोक्याचें हेल्मेटही नवेंच घ्यावें. एकदां आपटलेल्या हेल्मेटाचें सामर्थ्य बाहेरून ओळखतां येत नाहीं. टायर, सांखळी, तारा आणि ब्रेकांचीं रबरें या झिजण्यासाठींच असलेल्या वस्तु असल्यानें त्याही नव्या असाव्या. उलट डिरेलर, ब्रेकांचे सांगाडे, बैठक, तिचा धातूचा दांडा, आणि पायडलाच्या भोंकाजवळ चीर नाहीं हें पाहून घेतलेले क्रँक, हे जुने घेण्यास हरकत नाहीं. विकणाऱ्याजवळ मूळ पावती मागावी. एखाद्या विद्यार्थ्याची चोरलेली सायकल सुटी होऊन आपल्या घरीं येणें ही कसलीही काटकसर नव्हे.

दुकानांत जातांना स्वतःच्या सायकलीचीं मापें कागदावर लिहून न्यावीं. बैठकीच्या दांड्याचा व्यास मिलिमीटरच्या दशांशांत मोजावा लागतो, २७.२ चा दांडा २७ च्या नळींत जात नाहीं. हँडल स्टेममध्यें धरलें जातें तेथील जाडी कोठें २५.४, कोठें २६, कोठें ३१.८ असते. स्वतः पाना चालविणाऱ्यानें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. डाव्या पायडलाचा आटा उलटा असतो. क्रँकच्या आंसाच्या घराला इंग्रजी पद्धतीचे आटे असतील तर त्याची उजवीकडची वाटीही उलट्या आट्याची असते. हें न जाणतां जोर लावून कित्येकांनीं चांगल्या चौकटी कायमच्या निकामी केल्या आहेत. बसवितांना आट्यांना वंगण लावावें, म्हणजे पुढच्या खेपेस भाग सुटेल.

आपल्या गृहस्थाचा हिशेब आतां जुळवितां येतो. पंधरा हजारांचा साधारण तिसरा हिस्सा टायर आणि ट्यूबांना; त्याहून बराच कमी ब्रेकांचीं रबरें, तारा आणि सांखळी यांना; थोडा मोठ्या दांत्यांचा संच आणि जुना डिरेलर यांना; आणि उरेल तो चाकांसाठीं राखून ठेवावा, योग्य जोडी मिळेपर्यंत. एका वेळीं एकच भाग बदलावा आणि दोन-चार फेऱ्या करून पाहाव्या, म्हणजे कशानें काय सुधारलें हें कळतें, आणि पुष्कळदां पुढची खरेदी अनावश्यक ठरते. थांबण्याची खूणही आधींच ठरवावी. चौकट मापाची नसेल, तडकली असेल, किंवा एकूण खर्च चांगल्या अवस्थेंतील जुन्या पण वरच्या प्रतीच्या सबंध सायकलीच्या किमतीला भिडूं लागला असेल, तर भाग जमविणें सोडून तीच घ्यावी. त्या वेळींही झालेला खर्च सारा वायां जात नाहीं. बैठक, पायडलें आणि पुष्कळदां चाकें व टायरही नव्या चौकटीवर चढतात.

असें झाल्यावर हा गृहस्थ कात्रजच्या माथ्यावर मुलीच्या आधीं पोहोंचेल, असें आश्वासन कोणीही देऊं नये. तिचें वय वीस आहे आणि त्याचें पन्नास. पण तो मध्येंच उतरणार नाहीं. माथ्यावर दोघें बरोबर पाणी पितील, आणि ओल्या रस्त्यानें खालीं येतांना ब्रेकाच्या मुठीवर त्याचीं दोनच बोटें निश्चिंत टेंकलेलीं असतील. पंधरा हजार रुपयांनीं याहून अधिक कांहीं द्यावें, अशी अपेक्षा करण्याचें कारण नाहीं.